एमा अझेलिया हॅक्ली: मैफल सोडून गावं गाती करणारी गायिका

जुनी_पाने

आफ्रिकन-अमेरिकन शास्त्रीय गायकांचा विषय निघाला की मारियन अँडरसन आणि पॉल रोबसन यांच्यापाशीच बहुतेक वेळा थांबतो. त्यांच्या आधीच्या पिढीत एक बाई होऊन गेली, जिने स्वतःचा आवाज ऐन भरात असताना एकटीचं गाणं बाजूला ठेवलं आणि पुढची सगळी वर्षं दुसऱ्यांना गातं करण्यात घालवली. तिच्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

एमा अझेलिया स्मिथ. जन्म 29 जून 1867, टेनेसी राज्यातलं मर्फ्रीझबरो. यादवी युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिची आई कोरिला कृष्णवर्णीयांसाठी शाळा चालवायची. गावातल्या गोऱ्यांना ते खपेना, त्रास वाढत गेला आणि कुटुंब उत्तरेला डेट्रॉइटला गेलं. तिसऱ्या वर्षापासून पियानो, पुढे व्हायोलिन आणि गाणं. 1886 मध्ये शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलं आणि डेट्रॉइटच्या प्राथमिक शाळांत 1894 पर्यंत शिकवलं. हा शाळेतला अनुभव लक्षात ठेवा, कारण पुढे शेकडो लोकांना एकदम शिकवायची तिची हातोटी त्यातूनच आली असं मला ठामपणे वाटतं.

1894 मध्ये एडविन हॅक्ली या वकिलाशी लग्न करून ती डेन्व्हरला गेली. एडविन तिथे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र चालवत होता, तीही त्यात लिहायची. डेन्व्हर विद्यापीठाची संगीताची पदवी तिने 1900 मध्ये घेतली. ही पदवी मिळवणारी ती तिथली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. नवरा-बायकोने मिळून वर्णभेदाविरुद्ध एक संघटना उभी केली, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेची कोलोरॅडो शाखा तिने सुरू केली. म्हणजे सामाजिक काम तिने उतारवयातला छंद म्हणून केलेलं नाही, ते गाण्याबरोबरच चालू होतं.

त्यानंतर फिलाडेल्फिया. तिथे चर्चच्या संगीताची जबाबदारी, आणि 1904 मध्ये उभा केलेला 'पीपल्स कोरस', सुमारे शंभर आवाजांचा. 1905-06 मध्ये पॅरिसला जाऊन झां द रेश्के या पोलिश टेनरकडे (टेनर म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक) शिक्षण. परत आल्यावर मैफिली, आणि मैफिलींच्या पैशातून इतर कलावंतांना परदेशी पाठवणं. 1911 च्या सुमारास तिने एकल गायनातून निवृत्ती घेतली.

आणखी एक गोष्ट. तिचा वर्ण इतका उजळ होता की 'गोरी' म्हणून वावरणं तिला सहज जमलं असतं. त्या काळात गोऱ्यांसाठीच राखलेले मंच त्याने खुले झाले असते. तिने ते कधीही केलं नाही.

ताम्हन

वाचते आहे. कृष्णवर्णीय मैफल-गायिकांत हीच पहिली का?

जुनी_पाने

नाही, तिच्या आधी निदान दोन पिढ्या आहेत. एलिझाबेथ टेलर ग्रीनफिल्ड, मिसिसिपीतल्या नॅचेझमध्ये गुलामीत जन्मलेली, फिलाडेल्फियात वाढलेली. 1851 मध्ये बफेलो शहरात गायली आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी तिला 'ब्लॅक स्वान' हे नाव दिलं. 31 मार्च 1853 ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉलमध्ये तिचं गाणं झालं. चार हजार श्रोते, सभागृह पेटवून देण्याच्या धमक्या, पोलिसांचा बंदोबस्त. आणि एकाही कृष्णवर्णीयाला आत प्रवेश नाही! गाणारी कृष्णवर्णीय, तिकीट काढून ऐकणारे सगळे गोरे. तिने आपल्या लोकांची माफी मागितली आणि वृद्धाश्रम व अनाथाश्रमाच्या मदतीसाठी त्यांच्याकरता वेगळा कार्यक्रम केला. मे 1854 मध्ये ती लंडनला राणी व्हिक्टोरियासमोर गायली. पुढे फिलाडेल्फियात शिकवत राहिली, 1876 मध्ये गेली. 1921 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या 'ब्लॅक स्वान' या रेकॉर्ड कंपनीचं नाव तिच्यावरूनच आलं.

तिच्यानंतर मरी सेलिका, सिसिएरेटा जोन्स या गायिका. हॅक्ली या रांगेत पुढची, पण तिने रांगेची दिशाच बदलली. ग्रीनफिल्डच्या वेळी प्रश्न होता की आमच्यातली एखादी गोऱ्यांसमोर उभी राहू शकते का. हॅक्लीचा प्रश्न होता की आमच्या वस्तीतली पाचशे माणसं एकमेकांसमोर उभी राहून नीट गाऊ शकतात का.

वाटसरू

मारियन अँडरसन तिची शिष्या, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं का?

खर्ज

'शिष्या' शब्द आपण गंडा बांधून शिकलेल्यासाठी वापरतो, त्या अर्थाने नाही. अँडरसनचा जन्म 1897 चा. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती पीपल्स कोरसमध्ये गायला लागली, तिथे तिला एकल ओळी मिळाल्या, आणि तो कोरस हॅक्लीने उभा केलेला होता. अँडरसनचा आवाज घडवणारे शिक्षक पुढे वेगळे. पण दहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या वृंदात उभं राहून गायला मिळावं, ही जागा हॅक्लीने तयार केली होती. माझ्या मते हे श्रेय 'गुरू' म्हणवण्यापेक्षा मोठं आहे.

थेट मदतीची उदाहरणं हवी असतील तर दोन नावं अगदी पक्की आहेत. व्हायोलिनवादक क्लॅरन्स कॅमेरॉन व्हाइट: तिने जमवलेल्या शिष्यवृत्तीवर 1908 मध्ये लंडनला गेला, तिथे सॅम्युएल कोलरिज-टेलरकडे रचना शिकला. (कोलरिज-टेलर स्वतः लंडनचा, वडील सिएरा लिओनचे.) दुसरा पियानोवादक कार्ल डिटन: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून 1909 मध्ये बाहेर पडला आणि तिच्याच मदतीने म्युनिकला गेला. तिसरा, संगीतकार नथॅनियल डेट, याला तिने सतत पुढे आणलं, प्रोत्साहन दिलं.

आता पुढचं बघा. 1919 मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1922 ते 1928 या काळात तिचे लागोपाठ तीन अध्यक्ष झाले: व्हाइट, डेट, डिटन. तिन्ही हॅक्लीची माणसं. व्हाइट अध्यक्ष झाला त्याच वर्षी, 13 डिसेंबर 1922 ला, हॅक्ली डेट्रॉइटमध्ये वारली.

निरांजन

हे अध्यक्षांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. शिष्यवृत्तीमागे एखादी संस्था किंवा धनिक होता का? त्या काळी असे आश्रयदाते बरेच असत.

खर्ज

तिच्या पद्धतीचा कणा मैफील होता. चर्च किंवा सभागृह, स्थानिक बायकांच्या मंडळांकडे तिकीटविक्री, कार्यक्रमात तिचं गाणं आणि ज्याच्यासाठी पैसे गोळा होताहेत त्या कलावंताचंही वादन. म्हणजे पैसे देणाऱ्याला आपण कोणाला पाठवतो आहोत ते प्रत्यक्ष ऐकायला मिळायचं. एकाच धनिकाची देणगी आली की शिकणारा त्या माणसाचा मिंधा होतो. पाच-दहा गावांच्या तिकिटांतून पैसे आले की तो समाजाला बांधील होतो आणि परत येऊन समाजासाठी उभा राहतो. व्हाइट आणि डिटन दोघंही परत आले आणि कृष्णवर्णीय तरुणांना शिकवत राहिले, यात मला या पद्धतीचा हात दिसतो.

दुखरी बाजूही आहे. सगळा डोलारा एका बाईच्या अंगावर. प्रवास, पत्रव्यवहार, तालमी, हिशेब, सगळं तीच बघायची. 1912 मध्ये शिकागोत काढलेली गायनशिक्षणाची संस्था 1916 मध्ये बंद पडली, कारण ती स्वतः कायम दौऱ्यावर. 1921 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला ती कोसळली आणि तिथून सावरली नाही. गेली तेव्हा पंचावन्न वर्षांची.

ताम्हन

ती शिकवायची काय नेमकं? 'आवाज-संस्कार' असा शब्द वाचला. आपल्या खर्ज-साधनेसारखं काही?

पांढरी_चार

तिची 1909 ची छोटी मार्गदर्शिका आहे, विषय आवाज घडवण्याचा. गावोगावी ती मोठ्या जमावाला मोफत धडे द्यायची आणि पहिला भर खोल श्वासावर. ज्या इटालियन-फ्रेंच परंपरेत ती शिकली, तिच्यातला श्वासाचा पायाभूत सराव असा:

पाय खांद्याइतके फाकवून उभं राहायचं, गुडघे ताठ नकोत. दोन्ही हातांचे पंजे शेवटच्या फासळ्यांवर, अंगठे पाठीकडे. चार मोजत श्वास घ्यायचा. पंजे बाजूला ढकलले गेले पाहिजेत, खांदे जागचे हलता कामा नयेत. मग 'स्स्स' करत बारा मोजेपर्यंत एकसारखा सोडायचा. आठवड्याने सोळा, मग वीस. आवाजाची धार शेवटच्या आकड्यालाही पहिल्याइतकीच हवी.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जास्त हवा भरणं. माणूस वीस मोजायचे म्हणून छाती फुगवून घेतो, मग ती हवा दाबून धरायला गळा आवळतो, आणि सूर लावताना 'हं' असा धक्का येतो. उपाय उलटा आहे: श्वास कमी घ्या, पण सोडताना फासळ्या लगेच मिटू देऊ नका. दुसरी चूक, पोट आत ओढून धरणं. सरळ उभं राहा म्हटलं की लोक पोट आत घेतात आणि श्वासाच्या पडद्याला खाली जायला जागाच उरत नाही.

खर्जाशी तुलना अर्धीच जमते. खर्जात आपण खालचा सूर लांबवून आवाजाला वजन आणतो. इथे मधल्या सुरांवर ओठ मिटून गुंजारव करत कंप नाकाच्या मुळाशी आणि गालाच्या हाडांत जाणवून घ्यायचा असतो. रेश्केच्या शाळेचा आग्रह या 'मुखवट्यातल्या' नादावर होता. बोट नाकाच्या हाडावर ठेवलं तर कंप बोटाला लागतो. लागत नसेल तर सूर घशात अडकलाय.

वाटसरू

तिने गावोगावी घेतलेल्या लोकगीतांच्या महोत्सवांचा विषय राहिलाच. चाळीस एक हौशी आवाज असतील, स्वरलिपी वाचता येणारे चारच, तर तिच्या धर्तीवर एखादं स्पिरिच्युअल (गुलामीतल्या कृष्णवर्णीयांचं भक्तिगीत) बसवता येईल का?

पांढरी_चार

येईल, कारण तिचे महोत्सव अशाच लोकांचे होते. चर्चमधली माणसं, शाळेतली मुलं. शहरात जायचं, सगळ्यांना एकत्र करायचं, थोड्या दिवसांत आवाजाचे धडे देत स्पिरिच्युअल्स बसवायची आणि गावासमोर सादर करायची. गुलामीतली गाणी म्हणून सुशिक्षित कृष्णवर्णीयांतच काहींना ही गाणी नकोशी वाटत. ती युरोपात शिकून आलेली बाई ही गाणी मान ताठ ठेवून गा असं सांगत होती, म्हणून त्या म्हणण्याला वजन होतं. 1920 मध्ये टोकियोच्या जागतिक संडे स्कूल (ख्रिस्ती रविवार-शाळांच्या) परिषदेतही तिने ही गाणी नेली.

चाळीस आवाजांची वाटणी साधारण अशी धरा: सोप्रानो (बायकांचे उंच आवाज) 12, आल्टो (बायकांचे खालचे) 12, टेनर (पुरुषांचे उंच) 6, बास (पुरुषांचे खालचे) 10. टेनर सहा मिळणारच नाहीत. तेव्हा खालच्या आवाजाच्या दोन बायका टेनरच्या ओळीत उभ्या करा. बासमधल्यांना वर ओढू नका, ते ओरडतात आणि सगळ्या वृंदाचा सूर खराब होतो.

गाणं 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' घ्या. स्वर पाचच: सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच. आवाका मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंत. पांढरी चारचा (हार्मोनियमच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज धरला तर बायकांना खालचा प आणि वरचा ध दोन्ही आरामात मिळतात, पुरुषांना तेच एक सप्तक खाली.

दीड-दीड तासाच्या आठ तालमी. पहिल्या दोनांत सगळ्यांनी फक्त चाल गायची, ऐकून, कागद न देता. तिसरीत हाक आणि साद वेगळी करा: एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी 'कमिंग फॉर टु कॅरी मी होम' उचलायचं. गाण्याचा जीव तिथे आहे. चौथीपासून ओळी लावा, पण आधी बास, मग आल्टो, टेनर शेवटी. बहुतेक जण सोप्रानोपासून सुरू करतात. चाल कानात इतकी बसलेली असते की आल्टो तिसऱ्या शब्दाला चालीवर घसरतात. बास पक्का झाला की बाकीच्यांना टेकायला भिंत मिळते. सातवी तालीम सादरीकरणाच्या जागेतच घ्या, आठवीत नवीन काहीही सांगू नका.

खर्ज

+1, बास आधी. यात भर घालतो.

साथीशिवाय गाताना सूर उतरणार हे धरून चला. तीन कडव्यांत अर्धा सूर खाली येणं सर्रास घडतं. बहुतेक वेळा कारण श्वास नसून शब्दाच्या उच्चारातला स्वर असतो: 'ओ' आणि 'ई' म्हणताना जबडा मिटतो, नाद मागे जातो आणि सूर बसतो. आतून 'आ'ची जागा ठेवून फक्त ओठांनी 'ओ' करायचा. तरीही उतरत असेल तर गाणं काळी तीनमध्ये घ्या. अर्धा सूर चढवल्यावर तोच वृंद कितीतरी वेळा टिकून राहतो, कारण आवाज आळशी जागेतून बाहेर येतो.

आपल्याकडे शिकलेल्यांसाठी तीन सूचना. तंबोऱ्यावर लावलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरा असतो. साथ नसेल तर तोच गोड लागतो, पियानो वाजत असेल तर तो बेसूर ऐकू येतो. म्हणून तालमीत पियानोवर फक्त षड्ज द्या आणि झाकण बंद करा. दुसरं, भूपाचे स्वर दिसले म्हणून भूप गाऊ नका. धैवतावरून पंचमावर मींड घेतली की चाल लगेच आपलीशी वाटते आणि मूळ गाणं हरवतं. तिसरं ठेक्याचं. सराव करताना टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. आपला हात सवयीने समेवर पडतो आणि गाणं प्रार्थनेच्या कवायतीसारखं होतं. सादर करताना टाळी काढून टाका, ठेका अंगात राहिला पाहिजे.

निरांजन

तिचं 1916 चं पुस्तकही चर्चेत यायला हवं, 'द कलर्ड गर्ल ब्यूटिफुल'. कॅन्सस सिटीत छापलेलं. टस्कीगीसारख्या निवासी शाळांतल्या मुलींसमोर दिलेली भाषणं त्यात आहेत. श्वास, आवाज, चालणं-बोलणं, मग नोकरी करणारी मुलगी, पत्नी, आई अशी प्रकरणं. मला ते वाचताना त्रास होतो. समाजाच्या प्रतिष्ठेचं सगळं ओझं मुलींच्या वागण्यावर टाकलंय. छळ करणारा बदलणार नाही, तेव्हा तूच निर्दोष हो, असा सूर.

जुनी_पाने

आक्षेप मान्य, तो त्या पुस्तकावर घेतला जातोही. दोन गोष्टी बाजूला ठेवून मात्र वाचू नका. ज्या काळात कृष्णवर्णीय मुलीला 'सुंदर' हे विशेषण छापील पानावर सहसा मिळत नव्हतं, तेव्हा ते तिने मुखपृष्ठावर छापलं. आणि तिच्या लेखी सौंदर्य गोऱ्यांसारखं दिसण्यात नव्हतं, ते श्वास, आवाज आणि विचार यांतून घडवायची गोष्ट होती. ती गायनशिक्षिकेच्या नजरेनेच सगळं बघत होती: शरीर हे साधन, आणि रियाजाने ते बदलतं. तिथे तिची ताकद आहे आणि तुम्ही म्हणता ती मर्यादाही तिथेच आहे. सराव करणाऱ्यावरच सगळी जबाबदारी येते.

ताम्हन

थोडं विषयांतर. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' 1873 मध्ये अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा ही मुलगी सहा वर्षांची होती आणि तिच्या आईला कृष्णवर्णीयांची शाळा चालवते म्हणून टेनेसी सोडावं लागलं होतं. सावित्रीबाईंवर शेणगोळे पडले तेही शाळेसाठीच. अर्पणपत्रिकेतला 'अमेरिका' हा शब्द आता वेगळा दिसतो.

जुनी_पाने

विषयांतर नाही हे. मनापासून धन्यवाद.

वाटसरू

मूळ कागदपत्रं बघायची तर कुठे?

जुनी_पाने

डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालय, वुडवर्ड अव्हेन्यूवरची मुख्य इमारत. 1943 मध्ये तिथे तिच्या नावाने आफ्रिकन-अमेरिकन प्रयोगकलांचा संग्रह सुरू झाला. जुन्या छापील स्वरलिपींचा मोठा भाग संगणकावर चढवलेला आहे, घरबसल्या दिसतो. त्यांतल्या काही मुखपृष्ठांवरची चित्रं अत्यंत विकृत आहेत, मुलांसोबत बघणार असाल तर आधी स्वतः चाळा. 1916 चं पुस्तक कॉपीराइटमुक्त आहे, मोफत मिळतं.

वर्तमानपत्रं शोधताना एकाच नावाने शोधू नका. 'मादाम हॅक्ली', 'मिसेस ई. एच. हॅक्ली' (नवऱ्याची आद्याक्षरं), 'अझेलिया हॅक्ली', आणि 1894 आधीसाठी 'अझेलिया स्मिथ'. जुन्या छपाईवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात आडनावातली अक्षरं बदललेली असतात, त्यामुळे 'हॅक्ली'ऐवजी 'पीपल्स कोरस' किंवा 'व्हॉइस कल्चर' असा शब्द आणि शहराचं नाव टाकलंत तर जास्त सापडतं. डेन्व्हरच्या काळासाठी कोलोरॅडोच्या ऐतिहासिक वर्तमानपत्रांचा मोफत संग्रह, बाकीसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा. 1910 पासून 'द क्रायसिस' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या मासिकाचे अंकही चाळा.

शोधताना तारखेची कक्षा डिसेंबर 1922 ला बंद करू नका, मार्च 1923 पर्यंत ठेवा. साप्ताहिकांत मृत्युलेख आणि शोकसभांची वृत्तं उशिरा छापली जात. तिने कुठल्या कुठल्या गावांत वृंद बसवले होते त्यांची नावं मिळायची शक्यता तिथे जास्त.

वाटसरू

मार्च 1923 ची सूचना कामाची आहे. शिकागोपासून सुरुवात करतो, जे सापडेल ते इथेच लिहितो.